टोकाकडच्या बायका गप्प बसल्या

योलिना आता माझ्या दारावरून जाते ती मान वळवून. वाट एकच आहे, बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लपायला वळण नाही, आडोशाला टेकडी नाही. म्हणून मग ती आतल्या बाजूच्या, खडकांनी वेढलेल्या पाण्याकडे बघत जाते, जणू तिकडून बोट यायची आहे आणि हिची नजर हलली तर ती चुकेल. बोट कधी येते ते तिला ठाऊक, मला ठाऊक, चुलीपाशी लोळणाऱ्या कुत्र्यालाही ठाऊक. मध्यंतरी तर तिनं तांदळाची पिशवी आणि मांसाचे डबे दुसऱ्याच्या हाती पाठवले. स्वतः आली नाही. माझ्या झग्याचा घोळ धरून चालायला शिकलेली पोरगी मला परक्यासारखं सामान पाठवते! मी घेतलं. परत कसं करणार, आलेलं परत करणं आमच्यात नाही. पण डबे अजून उघडले नाहीत. फळीवर मांडून ठेवलेत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे.

योलिना माझ्या धाकट्या बहिणीच्या लेकीची लेक. तिची आई अमेरिकेत कोंबड्या कापायच्या कारखान्यात कामाला गेली तेव्हा पोरीला माझ्या मांडीवर ठेवून गेली. पुढच्या नाताळाला येते म्हणाली, ती अजून यायची आहे. मला मुलगी नाही. मुलगे आहेत, पण आमच्याकडे जमीन आईकडून लेकीकडे जाते. मुलगे नुसते नारळ पाडायला आणि माझ्या नावानं ओरडायला. तेव्हा माझ्यानंतर या दक्षिण टोकाकडच्या जमिनीचं तोंड योलिना, हे सगळं बेट धरून चाललं होतं. जमिनीचं तोंड म्हणजे तिच्या वतीनं चारचौघांत बोलणारी बाई. तो मान माझ्या आईनं मला दिला. आई त्याच जमिनीत, अगदी टोकाला झोपली आहे. दर नाताळाआधी आम्ही तिच्या कबरीला चुना लावतो. शेजारी माझी जागा ठेवली आहे, तिथं मी कुणाला डुकरूसुद्धा बांधू देत नाही.

आता आमची रीत सांगते, तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. आमच्या बेटावर कुणी काही मागितलं तर त्याला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. बेट केवढं, माणसं किती! आज ज्याला नाही म्हणाल तोच उद्या तुमची होडी वर ओढायला लागणार आणि परवा तुमचं प्रेत उचलायला. म्हणून द्यायचं असेल तर माणूस भुवया उचलतो. झालं, एवढ्यात होकार आला. द्यायचं नसेल तर खाली बघतो आणि गप्प बसतो. मग मागणाऱ्यानं समजायचं आणि माशांच्या गोष्टी काढायच्या. बाहेरच्या जगात गप्प बसणं म्हणजे कबुली असं धरतात म्हणे. धरोत बापडे.

योलिनाला ही रीत दुधाबरोबर मिळालेली. ती दात पडायच्या वयाची असताना आमच्याकडे नवा पाद्री आला होता, दुसऱ्या मुलखातला. त्यानं म्हाताऱ्या हेमोसकडे त्याचा सर्वांत मोठा डुक्कर मागितला, चर्चच्या जेवणाला. हेमोस पायाच्या नखांकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी पाद्री दोरी घेऊन हजर! हेमोस बिचारा काय बोलणार. तेव्हा ही एवढीशी पोर पाद्र्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "काल त्यांनी नाही म्हटलं ना तुम्हाला? ऐकू नाही आलं का?" सगळं बेट हसलं. हेमोसनं तो डुक्कर पुढे हिच्याच वाढदिवसाला कापला.

अशी ही. पुढे फिजीला जाऊन शिकली, पाण्याचं शास्त्र. लाट कुठे फुटेल, उधाण कुठवर चढेल, कुठलं घर उठवायचं, कुठलं ठेवायचं. परत आली ती एका मोठ्या योजनेच्या नोकरीवर, पाठीवर लॅपटॉप घेऊन. समुद्रातल्या खडकांच्या रांगेवर तिनं लाटा मोजणारी नळकांड्यांसारखी यंत्रं बांधली. मग घरोघर विचारत फिरू लागली, मागच्या मोठ्या पाण्यात समुद्र कुठवर आला होता. लोक तिला कशाला सांगतात? दारं माझ्यामुळे उघडली. मी तिच्याबरोबर हिंडले, गुडघे दुखत असताना. "बोला गं," मी बायकांना म्हणायचे, "ही आपलीच आहे. हिला सांगितलं म्हणजे मला सांगितलं."

आणि पोरगी हुशार, ते मी नाकारत नाही. गेल्या साली तिनं आधी सांगितलं की अमुक दिवशी पाणी विहिरीपर्यंत येईल. सगळ्यांना चर्चमध्ये नेऊन बसवलं. पाणी आलं, विहिरीपर्यंतच आलं, आणि एका पोराचंही डोकं भिजलं नाही. त्या दिवशी मी मान अशी ताठ करून चालले की माझी मावसबहीण मायजे म्हणाली, "अगं, खाली बघ, नारळावर पाय पडेल."

त्यानंतर योजनेचा इंजिनियर आला, डग नावाचा. उंच, उन्हानं सोललेला, स्वभावानं बरा. आमच्यासारखा नमस्कार घालायलाही शिकला होता, फक्त प्रत्येकाला दोनदा घालायचा. बंधारा बांधायचा ठरत होता. चर्चच्या आवारात चटया टाकल्या, ज्या बायकांच्या नावे जमिनी त्यांना पुढे बसवलं. डगला आमची भाषा येत नाही, आम्हाला त्याची नाही. मध्ये योलिना उभी.

ती म्हणाली, "दगड मोजके मिळणारेत. बंधारा शाळेपासून सुरू होईल, दवाखाना आणि चर्च आत घेईल आणि विमानाच्या धावपट्टीपर्यंत जाईल. दक्षिणेचं टोक बाहेर राहील. तिथल्या घरांना बेटाच्या मध्यावर जागा देऊ. पण तुम्हा बायकांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असा नियम आहे. चालेल का तुम्हाला?"

मायजे माझ्या कानाशी पुटपुटली, "पोरीनं घरं म्हटलं. कबरी म्हटलं नाही."

मध्यावरच्या बायकांच्या भुवया वर गेल्या. का नाही जाणार, त्यांच्या दारापुढे दगड पडणार होते. टोकाकडच्या आम्ही सगळ्या खाली बघत बसलो. मायजे चटईतून केवड्याची एक सुटलेली पात ओढत होती. मी योलिनाच्या पायांकडे बघत होते. तिच्या पायाचा अंगठा वाळू उकरत होता. लहानपणी साखर चोरली की उकरायचा तसा. तिनं एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. शेवटी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

मग डगशी ती इंग्रजीत लांबलचक बोलली. तो हसला, उठला आणि आमच्या प्रत्येकीचा हात हातात घेऊन हलवत सुटला. आम्हीही हलवले. कुणी हात पुढे केला तर काय मागे घ्यायचा? मला वाटलं, पोरीनं किती गोडीनं समजावलं बघा. मायजे तर परतताना म्हणाली, "नकार इतक्या हसऱ्या तोंडानं घेणारा गोरा मी जन्मात पाहिला नव्हता."

"संस्कार असतील घरचे," मी म्हटलं.

आणि त्या संस्कारांवर खूश होऊन आम्ही टोकाकडच्या बायकांनी त्याला जेवायला बोलावलं. भाजलेला नीरफणस, नारळाच्या दुधातला मासा, भात. मनात म्हटलं, हिरमुसला असेल बिचारा, पोट तरी भरू दे. तो पोटभर जेवला आणि पुन्हा सगळ्यांचे हात हलवून गेला. योलिना त्या जेवणाला बसली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. मी तिच्यासाठी ताट झाकून ठेवलं. थोड्याच दिवसांत काम वाढलं म्हणून ती योजनेच्या मुक्कामी राहायला गेली.

पुढे दगडांची बोट आली तेव्हाही मला काही वाटलं नाही. आमच्या नकारानंतर आखणी बदलली असेल, असं मी धरलं. शाळेचा बंधारा होणार म्हणून सगळे खूश, मीही खूश. टोकाला मी गेले ती आईच्या कबरीवरचा पाचोळा काढायला. बघते तर तिथं खुंट्या ठोकलेल्या, त्यांना नारिंगी फिती बांधलेल्या. फितींची रांग शाळेकडून येत होती आणि माझ्या नीरफणसाच्या झाडापाशी वळून निघून जात होती. कबरी सगळ्या रांगेच्या समुद्राकडच्या अंगाला. समुद्राचा वारा अडवणारी झुडपं, जी माझ्या आईच्या आईनं लावली, ती डोझरनं मुळासकट काढून ढीग घातला होता. म्हणे दगड आणायला वाट हवी.

डोझरवर बसला होता लँकी, मायजेचा जावई.

"उतर खाली," मी म्हटलं.

तो उतरला. टोपी काढली.

"कुणाला विचारून उपटलंत हे?"

"बूबू, तुम्हाला विचारूनच की," तो म्हणाला. बूबू म्हणजे आजी. "त्या दिवशी चर्चमध्ये. तुम्ही सगळ्यांनी हो म्हटलं ना?"

"माझ्या भुवया वर गेलेल्या बघितल्यास तू?"

"मी कुठे होतो तिथं? मी मासे पकडत होतो, पुढे तुमच्या जेवणात गेले तेच. डगसाहेब म्हणाले, टोकाकडच्या बायका तयार आहेत. त्यांना योलिनानं सांगितलं."

तो आणखी काही बोलत होता, पण मला ऐकू येईना. मी कबरीच्या कडेवर बसले. समुद्र समोरच होता. त्याचा मला राग आला नाही. तो जे करणार ते समोरून करतो, आधी आवाज देऊन करतो.

योलिनाला निरोप पाठवला, आली नाही. पुन्हा पाठवला, तर ते मांसाचे डबे आले, फळीवर ठेवलेले. तेव्हा मी काय केलं, माझी चटई उचलली आणि वाटेच्या मधोमध घातली. बेटावर वाट एकच, ते मी सांगितलंच. केवड्याच्या पाती घेऊन विणत बसले. मोटरसायकली माझ्या दोन्ही बाजूंनी वाकून वाकून जात होत्या. शाळेतली पोरं म्हणाली, बूबूला वेड लागलं. मायजेनं आपल्या ओट्यावर बैठक मारली. म्हणाली, ही मजा मी सोडायची नाही.

दुपार कलताना योलिना आली. वडील बाईला ओलांडून जायची छाती अजून तिच्यात नव्हती.

"बूबू, अशी वाटेत काय बसलीस?"

"वाट माझ्या आईच्या जमिनीवरून जाते. अजून तरी जाते. बस. जेवलीस?"

"साहेबांबरोबर खाल्लं."

"काय सांगितलंस तू त्या साहेबाला? त्या दिवशी?"

ती बसली. पाठीवरचा लॅपटॉप काढून मांडीवर घेतला, पोरीनं बाहुली घ्यावी तसा.

"मी म्हटलं, कुणी विरोध केला नाही."

ओट्यावरून मायजे एवढ्यानं हसली की कोंबड्या उडाल्या. "कुणी विरोध केला नाही! बाई गं! शिकावं तर असं!"

"खोटं आहे का ते, मायजेबूबू?" योलिना तिकडे बघून म्हणाली. "कुणी म्हणालं का नाही म्हणून?"

"हेमोस तरी कुठे म्हणाला होता?" मी विचारलं.

तिनं मान माझ्याकडे वळवली. पाद्री, दोरी, डुक्कर, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलेलं मला दिसलं. मग तिचे डोळे भरले आणि जीभ सुटली. "पैसे याच वर्षापुरते आहेत, बूबू. नाही म्हटलं असतं तर दगड दुसऱ्या बेटाला गेले असते, बोटीनं तोंड फिरवलं असतं. मग शाळाही गेली आणि दवाखानाही गेला. टोक तसंही जाणार आहे. मी आल्यापासून तेच मोजतेय. प्रत्येक उधाणात ते थोडं खाल्लं जातंय. तुझी नातवंडं त्या शाळेत बसतात. मी कुणाला वाचवायला हवं होतं, सांग ना? कबरींना की पोरांना?"

"मला विचारतेस? आत्ता विचारतेस?" मी विणणं थांबवलं. "माझ्या घरात झोपत होतीस. रोज चुलीपाशी बसून माझ्या हातचं खात होतीस. तेव्हा का नाही म्हणालीस, बूबू, टोक जातंय, आजीच्या आईला उचलून मध्यावर नेऊ या? हाडं नेता येतात. आपल्या लोकांनी आधीही नेली आहेत. पण त्याला आधी मागावं लागतं. रडावं लागतं, गावजेवण घालावं लागतं. आणि मग भुवया वर जातात, जड असल्या तरी जातात."

"कसं सांगू तुला तोंडावर?" ती म्हणाली. "आपल्यात सांगतात का असं? मला धीर नाही झाला."

"म्हणजे तूही गप्प बसलीस."

"हो."

"तुझं गप्प बसणं तू पदरात झाकून ठेवलंस. आणि आमचं नेऊन त्याला विकलंस."

ती खूप वेळ नाक ओढत बसली. मी तिला जवळ घेतलं नाही. हात उठत होता, पण मी त्यात पात धरून ठेवली.

शेवटी ती म्हणाली, "उद्या राजधानीतून अधिकारी येताहेत. लँकीनं काम थांबवलं म्हणून डगला काळजी लागली आहे. त्याला तुला स्वतःला विचारायचं आहे, टोकाला, सगळ्यांसमोर. तू एकदा भुवया उचल, बूबू. एवढंच कर. मग हाडं नेऊ, जेवण घालू, तू म्हणशील ते करू. करशील ना?"

मी खाली चटईकडे बघितलं आणि गप्प बसले.

तिनं वाट पाहिली. माशांच्या गोष्टी काढल्या नाहीत. उठली, कमरेत वाकून माझ्या बाजूनं गेली आणि पुढे जाऊन म्हणाली, "उद्या ये हं."

गेले. मायजे म्हणाली, घरी बस, ताप आला म्हणून सांगते. पण माझ्या मनात एक गोष्ट होती आणि ती मी मायजेलाही सांगितली नाही. मला पोरीला एक संधी द्यायची होती. ती जे चुकली ते जिथं चुकली तिथंच तिला सुधारता यावं, असं मला वाटत होतं. म्हातारीचं मन, दुसरं काय.

टोकाला सगळे जमले होते. दोन अधिकारी इस्त्रीच्या शर्टांत, घामानं निथळत. डग टोपी हातात घेऊन उभा. लँकी डोझरवर. टोकाकडच्या सगळ्या बायका कबरींच्या मागे. डग माझ्यापुढे आला, दोनदा नमस्कार घातला आणि काहीतरी विचारलं. अदबीनं विचारलं, ते मला आवाजावरून कळलं.

योलिना म्हणाली, "साहेब विचारतात, बंधारा इथून वळवायला तुझी संमती आहे का."

मी आईच्या कबरीकडे बघितलं आणि गप्प राहिले.

आता बोल, मी मनात म्हणत होते. एकदा वळ त्याच्याकडे आणि सांग, ही नाही म्हणते आहे, ऐकू येत नाही का? एका डुकरासाठी म्हणाली होतीस. तेव्हा तर तुला दातही नव्हते धड.

मी खाली बघत होते म्हणून मला तिचा पाय दिसत होता. अंगठा वाळूत गेला. आत आत जात राहिला.

मग ती डगशी बोलली. या वेळी थोडंच बोलली. डगचा चेहरा उजळला. एक अधिकारी टाळ्या वाजवू लागला. डगनं माझ्यापुढे हात केला, आणि तिकडे डोझर घरघरला.

तो हात मी घेतला नाही.

"नो," मी म्हटलं. तेवढं इंग्रजी आमच्या कोंबड्यांनाही येतं.

टाळ्या बंद पडल्या. लँकीनं डोझर बंद केला. माझ्यामागे मायजेनं श्वास आत ओढलेला ऐकू आला. या बेटावर कुणी असं बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं, मीही नव्हतं. डग माझ्याकडे बघत होता, मग योलिनाकडे बघू लागला. त्याच्या तोंडावरून कळत होतं की चर्चमधला तो दिवस त्याला पहिल्यापासून आठवत चालला आहे. त्याचं जेवण, त्याचं हात हलवणं, सगळं.

मी योलिनाकडे वळले.

"इकडे बघ. खाली नको, माझ्याकडे बघ. गप्प बसलेलं माणूस तुला कळत नाही, असं नाही. साहेबाला कळत नाही, त्याचा मला राग नाही, त्याला मी पुन्हा जेवायला घालीन. तुला कळतं, आणि कळून तू दोनदा केलंस. आता मी बोलते ते त्याला शब्दाला शब्द सांग, एक गाळू नकोस. बंधारा हवा असेल तर त्यानं दुसरं माणूस आणावं, आमच्यासमोर चटईवर बसावं, 'कबर' हा शब्द तोंडानं उच्चारावा, आणि मग विचारावं. आम्ही समुद्राला ओळखतो, आम्ही पोरांच्या वैरिणी नाही. आणि हे तुला. माझ्या घरात तुझं ताट आहे, ते कुणी उचलणार नाही. मी मेले की रडायला ये, रोज ये. पण या जमिनीचं तोंड तू नव्हेस. मी जिवंत आहे तोवर नाही, आणि मी इथं झोपल्यावर तर नाहीच. हे मी आजवर कुणाला तोंडावर म्हटलं नव्हतं, तुझ्यावर म्हणायची पाळी आणलीस. नाही, योलिना. नाही."